भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार व लेखक होते. सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि औंध येथील श्री भवानी संग्रहालयाचे संस्थापक म्हणून ते विशेष ओळखले जातात.

कारकीर्द

मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतलेले बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. पुढील वर्षी त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळील माळरान दिले. तेथे किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत उभी राहिली. १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेच्या स्वाधीन केले. इंदूर येथे १९३५ साली झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चित्रकला

रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेली चित्रे १९१६ मध्ये ‘चित्ररामायण’ या नावाने प्रसिद्ध झाली. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले.

श्री भवानी संग्रहालय

आयुष्यभर जमविलेल्या कलावस्तूंसाठी बाळासाहेबांनी १९३८ साली संग्रहालय उभारले. त्यासाठी त्यांनी राजवाड्याचा परिसर न निवडता यमाईच्या डोंगराचा मधला टप्पा निवडला. डोंगरमाथ्यावर कुलदेवता यमाईचे मंदिर, तर पायथ्याशी गाव आहे. इमारतीची आखणी डोंगरउतार विचारात घेऊन केलेली असून चित्रे नैसर्गिक प्रकाशात पाहता यावीत, अशी दालनांची रचना आहे. देवदर्शनाला जाणाऱ्या ग्रामस्थांच्या वाटेवरच त्यामुळे कलासंग्रह आला. राजा रविवर्मा व म. वि. धुरंधर यांची चित्रे, भारतीय लघुचित्रे, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्प येथे आहे. महानगरापासून दूर, पर्जन्यछायेच्या प्रदेशातील लहानशा गावात असा संग्रह असणे, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय.

वारसा

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान लयास गेले, तरी संग्रहालय मूळ जागीच राहिले. ते आज महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत असून सर्वसामान्यांसाठी खुले आहे. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत हे स्वतंत्र भारताचे मुत्सद्दी म्हणून ख्यातनाम झाले.