जोसेफ ब्रँट : एका राजनिष्ठ घराण्याची जमीन



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना तुम्ही बहुधा अशा व्यक्तींची चरित्रे वाचली असतील, ज्यांचा पक्ष अखेर विजयी ठरला. पराभूत पक्षाकडून लढलेल्या माणसाचे चरित्र लिहिणे अधिक अवघड असते. कारण त्याच्याविषयीची पहिली माहिती पुष्कळदा त्याच्या शत्रूंनी लिहून ठेवलेली असते.

उत्तर अमेरिकेतील १३ वसाहतींनी १७७५ मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा तेथील अनेक रहिवासी राजाच्या बाजूस राहिले. इतिहासकार त्यांना राजनिष्ठ म्हणतात. युद्ध संपल्यावर त्यांच्यातील हजारो कुटुंबे घरदार सोडून उत्तरेस, आजच्या कॅनडात, जाऊन वसली. हा शब्द वाचताच गोरे शेतकरी आणि व्यापारी आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु या निर्वासितांतील सर्वांत ख्यातनाम पुरुषांपैकी एक मोहॉक या मूलनिवासी जमातीचा होता. त्याचे नाव थायेंडनेगिया; इंग्रजांमध्ये तो जोसेफ ब्रँट म्हणून ओळखला जाई.

जोसेफचा जन्म १७४३ च्या सुमारास झाला. न्यूयॉर्क वसाहतीतील मोहॉक नदीच्या काठी कॅनाजोहारी येथे त्याचे बालपण गेले. मोहॉक हे इरोक्वा संघातील सहा राष्ट्रांपैकी एक. या समाजात वंश आईकडून मोजला जातो आणि सरदारकीचा वारसा मामाकडून भाच्याकडे जातो. सरदार निवडण्याचा व वेळप्रसंगी त्याला पदच्युत करण्याचा अधिकार कुलातील ज्येष्ठ स्त्रीचा, म्हणजे कुलमातेचा असतो. ही रीत तुम्ही नीट ध्यानात ठेवली नाही, तर या घराण्याचा इतिहास तुम्हांला अर्धाच कळेल.

जोसेफला वंशाने सरदारकी मिळालेली नव्हती. त्याला पुढे आणले ते थोरली बहीण मॉली हिने. सर विल्यम जॉन्सन हा राजाच्या वतीने मूलनिवासींशी व्यवहार पाहणारा बडा अधिकारी होता. मॉली त्याची सहचारिणी झाली. त्यांची आठ अपत्ये जगली. जॉन्सनच्या आश्रयामुळे जोसेफला कनेक्टिकटमधील एका मिशनरी शाळेत शिकावयास मिळाले. तो दुभाषी झाला. पुढे बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाचे मोहॉक भाषेतील त्याचे भाषांतरही छापले गेले. १७७४ मध्ये जॉन्सन मरण पावला आणि पुढच्याच वर्षी युद्धाला तोंड फुटले.

आता निष्ठेचा प्रश्न उभा राहिला. जोसेफ लंडनला गेला, तिसऱ्या जॉर्ज राजाला भेटला. जॉर्ज रॉम्नी या चित्रकाराने त्याचे चित्र रंगविले. त्याची राजनिष्ठा या दरबारी सत्काराने उजळली, असे मानण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. वसाहतींतील लोक मोहॉकांच्या जमिनी गिळत होते आणि त्यांना आवर घालील अशी सत्ता राजाचीच, हा त्याचा हिशेब होता. निष्ठा राजाला वाहिलेली असली, तरी तिचे मूळ नदीकाठच्या मातीत होते.

युद्धाची हकीकत येथे थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १७७७ मध्ये शत्रूसैन्य येत असल्याची खबर मॉलीने वेळेवर इंग्रजांकडे धाडली आणि ओरिस्कनी येथे त्या सैन्यावर छापा पडला. या साहाय्याची किंमत म्हणून तिचे घर लुटले गेले. मुलांसह ती परागंदा झाली. ओनायडा हे संघातीलच एक राष्ट्र बंडखोरांच्या बाजूने लढले, म्हणजे सहा राष्ट्रांचे घर आतूनच फुटले. १७७९ मध्ये सेनापती सलिव्हनच्या फौजेने इरोक्वांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा जाळून उद्ध्वस्त केल्या.

मग सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिसचा तह झाला. (आपल्याकडे सालबाईचा तह होऊन पहिले इंग्रज-मराठा युद्ध नुकतेच संपले होते, त्यावरून काळाचा अंदाज यावा.) पॅरिसच्या तहात राजाने मूलनिवासींचा प्रदेश अमेरिकेच्या हवाली केला. ज्यांनी त्याच्यासाठी रक्त सांडले, त्यांचा त्या तहात उल्लेखदेखील नव्हता.

येथे थोडे थांबून उत्तर अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. ईरी सरोवरास उत्तरेकडून येऊन मिळणारी ग्रँड नदी शोधा. क्वेबेकचा गव्हर्नर हॉल्डिमंड याने २५ ऑक्टोबर १७८४ च्या जाहीरनाम्याने या नदीच्या दोन्ही तीरांवरील सहा-सहा मैलांचा पट्टा मोहॉकांना व सोबत येणाऱ्या इतरांना दिला. क्षेत्र सुमारे साडेनऊ लाख एकर. ही जमीन इंग्रजांनी मिसिसॉगा या दुसऱ्या मूलनिवासी राष्ट्राकडून घेतली होती. एका विस्थापिताचे नवे घर दुसऱ्याच्या जुन्या भूमीवर उभे राहते, हे चरित्रकाराने दृष्टिआड करू नये. जोसेफ आपल्या लोकांना घेऊन तेथे वसला. मॉली मात्र आजच्या किंग्स्टन येथे राहिली. तिला वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन मिळे. १७९६ मध्ये ती तेथेच वारली.

जमीन मिळाली, पण ती कोणत्या हक्काने? ताबा आणि मालकी यांतील अंतर सातबारा पाहिलेल्या वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. जोसेफच्या मते सहा राष्ट्रे स्वतंत्र होती आणि जमीन विकण्याचा किंवा पट्ट्याने देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. शिकार आटत चालली होती, लोकांना पैसा हवा होता. सरकारचे म्हणणे असे, की जमीन सरकारखेरीज कोणासही विकता येणार नाही. १७९३ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर सिम्को याने याच अटीची सनद पुढे केली. ती सहा राष्ट्रांनी नाकारली. जोसेफने वर्षानुवर्षे हा वाद घातला, लाखो एकर गोऱ्यांना दिलेही. त्या पैशाच्या हिशेबावरून त्याच्याच लोकांत त्याच्याविषयी संशय पसरला.

घरातही शांतता नव्हती. पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा आयझॅक १७९५ मध्ये दारूच्या भरात सुरी घेऊन बापावर धावून गेला. झटापटीत जोसेफच्या हातून त्याच्या डोक्याला जखम झाली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. जमातीच्या सभेने जोसेफला निर्दोष ठरविले. उत्तरायुष्यात तो ऑन्टारिओ सरोवराच्या टोकाशी, बर्लिंग्टन येथे, मोठे घर बांधून इंग्रज जमीनदाराच्या थाटात राहिला. त्या घरी कृष्णवर्णीय गुलाम राबत होते. स्वातंत्र्य आणि हक्क यांविषयी इतके बोलणाऱ्या माणसाच्या चरित्रातील हा डाग पुसता येत नाही. २४ नोव्हेंबर १८०७ रोजी त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत टॉमस कॅम्बेल या कवीचे एक दीर्घ काव्य इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनियातील वायोमिंग खोऱ्यात १७७८ मध्ये झालेल्या कत्तलीचा दोष त्यात ब्रँटच्या माथी मारलेला होता. वस्तुतः तो त्या लढाईत नव्हता. काव्य लोकप्रिय झाले आणि त्याबरोबर ही बदनामीही. जोसेफचा धाकटा मुलगा जॉन १८२२ मध्ये लंडनमध्ये होता. त्याने पुरावे दाखवून कवीला त्याची चूक पटवून दिली. कॅम्बेलने तसे जाहीरपणे मान्य केले आणि पुढील आवृत्त्यांत टीप जोडली. मूळ ओळी मात्र जागच्या जागीच राहिल्या. साहित्याचे विद्यार्थी म्हणून तुम्ही यावर अवश्य विचार करा : कविता पाठ करणाऱ्यांपैकी किती जण टीप वाचतात?

हा जॉन १८१२ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढला होता. १८३० मध्ये तो हॉल्डिमंड परगण्यातून अप्पर कॅनडाच्या विधानसभेवर निवडून आला. प्रतिस्पर्ध्याने निवडणुकीस हरकत घेतली. जॉनच्या अनेक मतदारांच्या जमिनी मूलनिवासींकडून दीर्घ पट्ट्याने घेतलेल्या होत्या. मताधिकारासाठी लागणारी पूर्ण मालकी त्यांच्यापाशी नव्हती. १८३१ मध्ये त्याची निवड रद्द झाली. बापाने आयुष्यभर ज्या हक्कासाठी भांडण केले, त्याच्या अभावी मुलाला खुर्ची सोडावी लागली. पुढच्याच वर्षी पटकीच्या साथीत जॉन वारला; त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच साथीत गेला.

जॉनकडे आणखी एक पद होते : मोहॉकांच्या प्रमुख सरदाराचे, टेकारिहोगेनचे. ते त्याला बापाकडून आलेले नव्हते, तर आईच्या कुळाकडून आलेले होते. जोसेफची तिसरी पत्नी कॅथरीन ही त्या कुळाची कुलमाता. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने बर्लिंग्टनचे ते इंग्रजी थाटाचे घर सोडले आणि ती ग्रँड नदीकाठी आपल्या माणसांत परत गेली होती. जॉन गेल्यावर नवा सरदार नेमण्याचा अधिकार तिचाच होता. तिची मुलगी एलिझाबेथ हिचा विवाह मॉलीचा नातू विल्यम जॉन्सन कर याच्याशी झाला होता. म्हणजे बहीण-भावाच्या दोन्ही शाखा त्या एका संसारात पुन्हा एकत्र आल्या होत्या. कॅथरीनने त्यांच्याच तान्ह्या मुलाला टेकारिहोगेन नेमले.