बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेचा जमाखर्च

बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, पावाच्या तुकड्यावर दिवस काढायचे, हे आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण तो पैसा आला कुठून, गेला कुठे, बाबासाहेबांनी कशात काटकसर केली आणि कशात मुळीच केली नाही, हे फारसे कुणी सांगत नाही. शहरात खोली करून शिकणाऱ्या आपल्या तरुणांना आज खरी गरज आहे ती या हिशोबाची. म्हणून महामानवाच्या विद्यार्थीदशेकडे आम्ही इथे जमाखर्चाच्या बाजूने पाहतो आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. रामजी लष्करातून निवृत्त झाले आणि कुटुंब पुढे साताऱ्याहून मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत आले. पेन्शन तुटपुंजी, खाणारी तोंडे जास्त. तरीही भीमरावांनी पुस्तक मागितले की रामजी नाही म्हणत नसत. हातात पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने आणत, नाहीतर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. पोटाला चिमटा घ्यावा, पण पुस्तकाला घेऊ नये, हा धडा भीमरावांना कोलंबियात नव्हे, परळच्या त्या खोलीत मिळाला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि त्या बळावर १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या साडेअकरा पौंडांत राहणे, खाणे, कपडे, पुस्तके सगळे भागवायचे होते. शिवाय त्यातूनच मुंबईला घरी पैसे पाठवायचे होते. नाटक-सिनेमा, हॉटेल, चैन यांना त्या हिशोबात जागा नव्हती. वसतिगृहात त्यांच्या सोबत राहणारे नवल भथेना हे पारशी मित्र मात्र तिथे मिळाले आणि ती मैत्री पुढे फार मोठ्या अडचणीत उपयोगी पडली.

एका ठिकाणी मात्र भीमरावांचा हात सैल होता. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते तासन्‌तास घालवायचे. नवे पुस्तक परवडत नाही, तर तेच जुने घ्यायचे. अशी जवळपास दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भूक लागली तर एक वेळचे जेवण टाळता येते, पण हातातून गेलेले पुस्तक पुन्हा मिळेलच असे नाही, असे त्यांचे गणित असावे.

दुसरी काटकसर वेळेची होती. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आहे, म्हणजे प्रत्येक दिवस मोजून मिळालेला आहे, हे त्यांनी ओळखले. एम.ए. १९१५ मध्ये पूर्ण झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. लगेच लंडन गाठून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि त्याच वेळी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही नाव घातले. एकाच मुक्कामाच्या खर्चात दोन पदव्या, असा तो बेत होता.

पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पहिले महायुद्ध पेटलेले होते. मार्सेलिस बंदरातून ते बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. जमवलेल्या पुस्तकांतला मोठा भाग असा गेला. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच थोडे घरी देऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाले. तिथे परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी खानावळीत मिळालेला आसराही जात कळताच काढून घेतला गेला. हिशोब कितीही चोख ठेवला तरी जात नावाचा खर्च कुठल्या वहीत मांडता येत नाही, हे बडोद्याने दाखवले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळात हा पगार मोठा होता. बंगला भाड्याने घेता आला असता. पण ते परळच्या पोयबावाडीतल्या चाळीतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईंच्या हातात द्यायची आणि बाकी लंडनसाठी शिल्लक टाकायची, हा नेम त्यांनी मोडला नाही. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा जवळ स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. आता शिष्यवृत्ती नव्हती. प्रत्येक पौंड स्वतःचा किंवा उसना होता.

त्या लंडनमधले दिवस आपल्याला ठाऊक आहेत. सकाळी पावाचा तुकडा, जरासा मासा आणि कपभर बोव्हरिल. मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बंद होईपर्यंत बैठक. पुस्तके विकत घेणे परवडत नाही, म्हणून ग्रंथालयेच आपली केली. बस आणि रेल्वेचे भाडे वाचवायला पायी चालणे. रात्री मित्राने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. जून १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले तेव्हा लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला, परत पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा तो ग्रंथ लिहिणाऱ्याच्या खिशात रुपया नव्हता.

हा जमाखर्च इथे संपवला तर तो खोटा ठरेल, कारण यातला मोठा खर्च लंडनमध्ये झालाच नाही. तो परळमध्ये झाला. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहून घर चालवले आणि परक्याची मदत घ्यायला नकार दिला. पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या, तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या यादीशेजारी ही यादीही लिहिली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आता मुद्द्याचे. आम्ही वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांत काम करतो, तिथे एक वाक्य वारंवार ऐकू येते. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने जमा होत नाही, मेसचे पैसे थकतात, एखादी मुलगी शिक्षण सोडून गावी जायला निघते आणि कुणीतरी मोठा माणूस तिला ऐकवतो की बाबासाहेबांनी तर उपाशी राहून शिक्षण घेतले. आम्हाला हे मान्य नाही. उपासमार ही बाबासाहेबांची अभ्यासपद्धती नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली परिस्थिती होती. तिचा गौरव करायचा की ती संपवायची, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे.

परतल्यावर काही काळातच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मजूर मंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत मराठवाड्यातल्या मुलांसाठी कॉलेज उघडले. ज्याने पावावर दिवस काढले त्याने पुढच्या पिढीसाठी मेस, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मागितली. पावाचा तुकडा पुढे सोपवला नाही.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, काटकसर जरूर करा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत आहे, रेल्वेच्या पासातही सवलत आहे, ती घ्या. जुन्या बाजारातली पुस्तके घ्या, चार जणांत एक संच करून फिरवा. ग्रंथालयाचे सभासद व्हा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा, परदेशी जायचे असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीची जाहिरात चुकवू नका. सवलत म्हणजे भीक नव्हे, तो हक्क आहे आणि तो मिळवण्यासाठी कुणीतरी आयुष्य वेचले आहे. आणि जिथे हा हक्क अडवला जातो तिथे निमूट उपाशी राहू नका. एकत्र या, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा.

ज्यांच्या हाताला आज पगार लागला आहे, त्यांच्यासाठीही या जमाखर्चात एक ओळ रिकामी आहे. रामजींनी मुलीचा दागिना गहाण ठेवला, भथेनांनी पाच हजार दिले, रमाईंनी सगळेच दिले. आपल्या वस्तीतल्या एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रवासखर्च किंवा पुस्तकांचा खर्च त्या ओळीत लिहिता येईल.

जय भीम!