मादोनीएच्या डोंगरातील शर्यत आणि व्हिन्चेन्झो फ्लोरिओ

सिसिली बेटावरील मादोनीए डोंगररांगांत ६ मे १९०६ रोजी दहा मोटारी ठरावीक अंतराने एकामागून एक सुटल्या. कच्चे, खडीचे रस्ते, खोल दऱ्या, असंख्य वळणे आणि मध्येच आडवी येणारी शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारे. एक फेरा १४८ किलोमीटरांचा, आणि असे तीन फेरे. महाकालाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या गोमंतकीयांना या अंतराची कल्पना सहज करता येईल. उज्जैनच्या देवास गेटपासून निघून देवास गाठावे, तेथून इंदूरला जावे आणि सांवेरमार्गे पुन्हा देवास गेटपाशी परतावे; एवढे करूनही मादोनीएचा एक फेरा पुरा होत नाही. शिवाय माळव्याचे पठार ते पठार! अलेस्सान्द्रो काग्नो याने इताला मोटारीतून ही शर्यत जिंकली, तेव्हा त्याला साडेनऊ तासांहून अधिक वेळ लागला होता. सरासरी वेग ताशी जेमतेम ४७ किलोमीटर.

या शर्यतीचे, म्हणजे ‘तार्गा फ्लोरिओ’चे जनक व्हिन्चेन्झो फ्लोरिओ त्या वेळी अवघे २३ वर्षांचे होते. तार्गा म्हणजे पट्टिका. विजेत्याला देण्यात येणाऱ्या मानचिन्हावरून हे नाव पडले. पुढे पोर्शे कंपनीने आपल्या एका प्रसिद्ध मोटारीला हेच नाव दिले. आज ती मोटार ओळखणारे पुष्कळ आहेत, शर्यत ओळखणारे थोडे.

१८ मार्च १८८३ रोजी पालेर्मो येथे जन्मलेल्या व्हिन्चेन्झो यांचे घराणे सिसिलीतील सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक होते. जहाजे, ट्यूना माशांचा व्यापार आणि मार्साला मद्य यांवर ते वैभव उभे होते. वडील वारले तेव्हा व्हिन्चेन्झो आठ वर्षांचे होते. व्यवसायाची धुरा थोरले बंधू इग्नात्सिओ यांच्याकडे गेली आणि धाकट्याला मोटारीचे वेड लागले. ते स्वतः शर्यतींत उतरत, परंतु त्यांची खरी गती आयोजनात होती. उत्तर इटलीतील ब्रेशियाच्या शर्यतीला त्यांनी ‘कोप्पा फ्लोरिओ’ हा करंडक दिला. नंतर मात्र जगाने सिसिलीकडे यावे, या ईर्षेने त्यांनी आपल्याच बेटावर शर्यत भरविली. त्या काळी बेटावर मोटारी मोजक्या होत्या आणि मोटारीजोगे रस्ते त्याहून कमी. हे धाडस श्रीमंताचा निव्वळ छंद म्हणून मोडीत काढता येत नाही.

खासगी आयुष्यात त्यांना सुख फारसे टिकले नाही. पहिली पत्नी आन्निना १९११ मध्ये पटकीने गेली. घराण्याचे उद्योगही एकेक करून हातचे गेले. शर्यत तेवढी राहिली. १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाट्टी मोटारी तेथे जिंकल्या. १९२८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची एलिश्का युन्कोव्हा ही महिला चालक भल्याभल्यांना मागे टाकून काही काळ आघाडीवर होती. अखेरीस ती पाचवी आली. तात्सिओ नुवोलारी याने १९३१ आणि १९३२ अशी दोन्ही वर्षे बाजी मारली.

महायुद्धानंतर, १९५३ मध्ये, स्पोर्ट्स मोटारींसाठी जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. हे पद चालकाला नव्हे, मोटार बनविणाऱ्या कंपनीला मिळायचे. पहिल्या वर्षीच्या सात शर्यतींत इटलीची मिल्ले मिल्या होती, फ्रान्सची ल मां होती. तार्गा फ्लोरिओ नव्हती. ज्या शर्यतीने या खेळाला वळण लावले, तीच यादीबाहेर राहिली. १९५३ आणि १९५४ या दोन्ही वर्षी लान्चिया मोटारी जिंकल्या, पण स्पर्धेचे स्वरूप बव्हंशी देशांतर्गतच राहिले.

१९५५ मध्ये तार्गाचा समावेश झाला, तोही अखेरची शर्यत म्हणून. त्या वर्षी जूनमध्ये ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मरण पावली आणि पुढील काही शर्यती रद्द झाल्या. परिणामी अजिंक्यपदाचा निकाल सिसिलीच्या डोंगरात लागायचा ठरला. मर्सिडीझने तीन मोटारी उतरविल्या. स्टर्लिंग मॉसची मोटार रस्त्याखाली घसरली, प्रेक्षकांनी ती वर चढविण्यास हातभार लावला, आणि पीटर कॉलिन्सच्या साथीने त्याने शर्यत जिंकली. ७२ किलोमीटरांचे तेरा फेरे, म्हणजे ९३६ किलोमीटर. वेळ पावणेदहा तासांच्या आत. १९०६ च्या विजेत्याने जवळजवळ तेवढ्याच वेळात याच्या निम्मे अंतरही कापले नव्हते.

फ्लोरिओ यांच्या वाट्याला हे यश वयाच्या ७२ व्या वर्षी आले, पण त्याची किंमतही लगेच कळली. १९५६ च्या यादीतून तार्गा पुन्हा वगळली गेली. आता शर्यतीची प्रतिष्ठा पालेर्मोत नव्हे, दूरच्या कार्यालयातील कागदावर ठरू लागली होती. कंपन्यांचे संघ आले की अग्रस्थाने त्यांचीच. स्वतःची लहान मोटार घेऊन येणारा बेटावरचा हौशी चालक आपल्या गटापुरता उरे. १९५७ मध्ये मिल्ले मिल्यात अपघात होऊन प्रेक्षकांचे बळी गेले आणि इटलीतील खुल्या रस्त्यांवरील शर्यतींवर गदा आली. संपूर्ण बेटाला वळसा घालणारी ‘जिरो दि सिसिलिया’ कायमची थांबली. तार्गा त्या वर्षी केवळ नियमितता चाचणी म्हणून पार पडली. १९५८ मध्ये तिला अजिंक्यपदात पुन्हा स्थान मिळाले. मुस्सो आणि जांदब्यां यांनी फेरारीतून ती जिंकली.

फ्लोरिओ यांनी पाहिलेली ती शेवटची तार्गा. ६ जानेवारी १९५९ रोजी फ्रान्समधील एपर्ने येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात पालेर्मोचा शाळामास्तर निनो वाक्कारेल्ला याने १९६५ मध्ये फेरारीतून तार्गा जिंकली, तेव्हा सारे बेट रस्त्यावर आले होते. हाच मास्तर पुढे १९७१ आणि १९७५ मध्येही जिंकला. जागतिक अजिंक्यपदातील तार्गाचे स्थान मात्र १९७३ नंतर गेले. गावांमधून जाणाऱ्या ७२ किलोमीटरांच्या रस्त्याला सुरक्षिततेच्या नव्या अटी पेलण्याजोग्या नव्हत्या. १९७७ मध्ये दोन प्रेक्षकांचा मृत्यू झाल्यावर ती जुनी शर्यत बंद पडली. तार्गा फ्लोरिओ या नावाने आता सिसिलीत रॅली भरते. चेर्दा गावाजवळ, फ्लोरिओपोलिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, जुन्या शर्यतीची प्रेक्षकसज्जे अजून रस्त्याकडेला उभी आहेत.