गालिब यांची पत्रे

मिर्झा गालिब यांचा जन्म १७९७ साली आग्र्यात झाला. तरुणपणी ते दिल्लीत आले आणि तिथलेच झाले. मित्रांशिवाय त्यांना करमत नसे.

१८५७ च्या उठावानंतर दिल्ली ओस पडली. कित्येक मित्र मारले गेले, कित्येक परगावी गेले. धाकटे भाऊ यूसुफ वारले. पेन्शन बंद झाली; ती १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. पत्रे गालिब आधीही लिहीत. आता टपाल हीच त्यांची मैफल झाली.

शिष्य गझला पाठवत. गालिब त्या तपासून परत पाठवत. यालाच तुम्ही इस्लाह म्हणता. हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शिष्य. १८५८ साली 'दस्तंबू' हे गालिब यांचे पुस्तक आग्र्यात छापले गेले. छपाईवर तफ्तांनी लक्ष ठेवले. लेखक दिल्लीत, छापखाना आग्र्यात. सारा व्यवहार पत्रांतून!

पत्रांतले लांबलचक मायने गालिब यांनी टाकून दिले. समोर बसून बोलावे तसे ते लिहीत. उत्तराला उशीर झाला की रुसत. ही पत्रे छापावीत, हे आधी त्यांना पसंत नव्हते. तरी १८६८ साली 'ऊदे हिंदी' हा संग्रह निघाला. फेब्रुवारी १८६९ मध्ये गालिब वारले. दुसरा संग्रह, 'उर्दू-ए-मुअल्ला', पुढच्याच महिन्यात छापून आला.