एडवर्ड टेटम
एडवर्ड लॉरी टेटम (१४ डिसेंबर, १९०९, बोल्डर, कोलोरॅडो – ५ नोव्हेंबर, १९७५, न्यू यॉर्क) हे अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ व जनुकशास्त्रज्ञ होते. जॉर्ज बीडल यांच्यासमवेत न्यूरोस्पोरा बुरशीवर संशोधन करून जनुके विकरांवर नियंत्रण ठेवतात, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखविले.

जीवाणूंमध्ये जनुकांची देवघेव होत नाही, अशी त्याकाळी सर्वसाधारण समजूत होती. १९४६ मध्ये येल विद्यापीठात टेटम व त्यांचे विद्यार्थी जोशुआ लेडरबर्ग यांनी ई. कोलायच्या के-१२ वाणाचे दोन उत्परिवर्तित प्रकार एकत्र वाढविले. एकाला बायोटिन व मेथिओनिन, तर दुसऱ्याला थ्रिओनिन व ल्यूसिन बाहेरून पुरवावे लागे. मिश्रणातील कोटीत एखादी पेशी मात्र यांपैकी काहीही न पुरवता वाढली. दोन्हींची जनुके तिच्यात एकत्र आली होती. यासाठी पेशींचा प्रत्यक्ष संपर्क आवश्यक असतो, हे बर्नार्ड डेव्हिस यांनी १९५० मध्ये सिद्ध केले. के-१२ संयुग्मनक्षम निघाला हे सुदैवच म्हणावे लागेल; बहुतेक वाणांवर हा प्रयोग फसला असता.

१९५८ च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा बीडल व टेटम यांना जनुकांच्या रासायनिक कार्यावरील संशोधनासाठी मिळाला. जीवाणूंमधील जनुकीय पुनर्संयोजनाचे श्रेय व उरलेला अर्धा वाटा एकट्या लेडरबर्ग यांना गेला, यामुळे संयुग्मनाच्या इतिहासात टेटम यांचे नाव काहीसे मागे पडले.