मार्लवाईची शाळा

बोथहून पूर्वेस, उटनूरच्या पलीकडे डोंगरात मार्लवाई हे गोंडांचे लहानसे खेडे आहे. ह्या खेड्यात पूर्वी एक शाळा निघाली होती, तिच्यात शिकणारे बहुतेक बायकामुलांचे धनी होते. ती काढणारे क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मिशनरी नव्हते. तरी त्यांचे चरित्र आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म 1909 साली व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी ते 1936 साली हिंदुस्थानात आले व नागा लोकांत राहिले. 1939 साली महायुद्ध पेटले. त्यांच्याजवळ जर्मन पासपोर्ट, म्हणून सरकारने त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्यास बंदी केली. ह्या बंदीतूनच पुढचे काम निघाले.

1940 साली जमिनीसाठी उठलेले कुमराम भीम जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले. गोंड का उठले, ह्याचा शोध घेण्याचे काम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. ते पत्नी बेटीबाईंसह मार्लवाईत गवताने शाकारलेल्या घरात राहू लागले. वाडवडिलांनी कसलेली जमीन कागदावर दुसऱ्याच्याच नावे, आणि तो कागद वाचणारा गावात कोणी नाही, असा प्रकार त्यांना दिसला. पुढे गोंडांना पट्टे मिळू लागले, पण पट्टा तरी वाचणार कोण?

1943 साली शिक्षणाची योजना सुरू झाली. बाहेरचा मास्तर डोंगरात टिकेना, आणि त्याला गोंडी येईना. तेव्हा कोठे कोठे थोडीफार मराठी अक्षरे गिरवलेले प्रौढ गोंड शोधून काढले व त्यांनाच मार्लवाईत शिक्षक म्हणून तयार केले. गोंडी वाचनाची पुस्तके देवनागरीत केली, त्यामुळे पुढे मराठीकडे वळणे सोपे झाले. (वर्ग चालवणाऱ्या आपल्या संडे स्कूलच्या शिक्षकांना ह्यातले मर्म सांगायला नको.) येथूनच काहीजण पटवारी, कारकून, जंगलखात्याचे रखवालदार झाले. कालचा अंगठेबहाद्दर दप्तर लिहू लागला! इतिहासकार सेतुमाधवराव पगडी ह्याच भागात अधिकारी असताना गोंडी शिकले व त्यांनी तिचे व्याकरण लिहिले.

1956 साली राज्यांची फेररचना झाली. किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. इस्लापूरच्या गोंड मुलाला शाळेत मराठी, बोथच्या मुलाला तेलुगू. गोंडी पुस्तके मागे पडली. एका सरकारच्या मर्जीवर उभी असलेली योजना, तिचे दुसरे काय होणार? हायमेनडॉर्फ 1976 पर्यंत लंडनला प्राध्यापक होते. त्यानंतर ते पुन्हा आदिलाबादेत आले, तो गोंडांच्या जमिनी पुन्हा परक्यांच्या हाती जात होत्या. 1982 सालच्या पुस्तकात त्यांनी ते काही न लपवता लिहिले.

बेटीबाई 1987 साली हैदराबादेत वारल्या. त्यांना मार्लवाईतच पुरले. हायमेनडॉर्फ 1995 साली लंडनमध्ये निवर्तले. 2012 साली मुलाने त्यांच्या अस्थी आणून बेटीबाईंच्या शेजारी ठेवल्या. दर जानेवारीत तेथे गोंड जमतात.