होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

जीवन आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते, तर आत्या मेहेरबाई या दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत. १९२७ साली ते केंब्रिज येथे यांत्रिक अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी गेले. मुलाने पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवल्यास गणिताच्या शिक्षणाचा खर्च करण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० साली ती अट पूर्ण करून भाभा यांनी आपला मार्ग बदलला.

संशोधन आणि संस्थाउभारणी

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनावरील त्यांचे कार्य आज 'भाभा प्रकीर्णन' या नावाने ओळखले जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. १९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. तुर्भे येथील 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. भाभा अविवाहित होते. चित्रकला व पाश्चात्त्य संगीत यांची त्यांना विशेष आवड होती.

अपघाती मृत्यू

व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जाण्यासाठी भाभा एअर इंडियाच्या 'कांचनजंगा' या बोइंग ७०७ विमानाने निघाले होते. हे विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत व जिनिव्हा या मार्गे लंडनला जाणार होते. जिनिव्हाकडे उतरत असताना ते माँ ब्लाँच्या शिखराजवळ सुमारे ४,७५० मीटर उंचीवर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले.

उडण्यास सक्षम व वैमानिकाच्या ताब्यात असलेले विमान नकळत डोंगरावर आदळण्याच्या प्रकारात हा अपघात मोडतो. दिशादर्शनासाठीचा एक रेडिओ ग्राहक बंद असल्याने वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकला होता. रडारवर ही चूक जिनिव्हाच्या नियंत्रकाच्या लक्षात आली आणि त्याने माँ ब्लाँ अजून पाच मैलांवर असल्याचे कळवले. मात्र पर्वतरांग आपण ओलांडली आहे, असा वैमानिकाचा समज कायम राहिला व त्याने खाली उतरणे चालूच ठेवले. संदेशाची शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्याने दुरुस्तीचा अर्थ चुकीचा घेतला गेला, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीने काढला. या दुर्घटनेमागे घातपात असल्याच्या चर्चा भारतात वेळोवेळी झाल्या. परंतु चौकशीने कारण दाखवले ते एका गैरसमजाचे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' हे विमान याच पर्वतावर जवळपास त्याच ठिकाणी कोसळले होते. त्यात ४८ जणांचा मृत्यू झाला होता.

वारसा

इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी हा अपघात घडला. भाभा यांच्यानंतर अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाई यांच्याकडे आली. १९६७ साली तुर्भे येथील संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. या विमानातील राजनैतिक टपालाची एक पिशवी २०१२ साली, म्हणजे ४६ वर्षांनी, माँ ब्लाँच्या हिमनदीत सापडली.